धुळाआबांचा नेम

वांग्याला नख लावून बघायची माझी सवय धुळाआबांनी मोडली. अजूनही मंडईत वांग्यांच्या ढिगासमोर उभी राहिले की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. भाजीवाला म्हणतो, "घ्या की निवडून, मावशी." मी म्हणते, "तूच दे बाबा चांगली बघून." त्याला वाटत असेल, बाईला नीट दिसत नाही.

नव्वदच्या दशकातले जेमतेम दहा महिने आम्ही इंदापूरकडच्या निमगाव केतकीत होतो. माझे यजमान जनावरांचे डॉक्टर, सरकारी दवाखान्यात बदलून आलेले. मी देवरुखची. लग्नाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. परसात माड नाही, मागे डोंगर नाही, जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि घरात बोलायला कुणी नाही, अशी माझी तेव्हाची अवस्था. गावातल्या बायका मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. मला साधी पट्टी बांधता येत नव्हती. पण एकदा एक गृहस्थ लंगडी शेळी घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. तर अशा त्या गावात, घटस्थापनेच्या आधीच्या आठवडी बाजाराला मी पिशवी घेऊन एकटीच गेले.

बाजार घटाच्या सामानानं भरला होता. काळ्या मातीचे ढीग, पत्रावळी, सात धान्यांच्या पुड्या, मातीचे घट. एका कडेला पोतं अंथरून एक वाळकेसे म्हातारबाबा काटेरी वांगी घेऊन बसले होते. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं, पांढऱ्या मिशा. मी एक वांगं उचललं आणि सवयीनं नख लावलं.

"ते वांगं खाली ठिवा," म्हातारबाबा म्हणाले.

मी दचकले.

"नख लावल्यालं मी कुणाला इकू? त्याला काय इचारताय? मला इचारा की."

मलाही फणकारा आला. "बरं, तुम्हाला विचारते. चवीला कशी आहेत?"

"मला काय म्हाईत? आखाडापासनं तोंडात घातलं न्हाय."

आपलाच माल आपण खात नाही म्हणून सांगणारा विक्रेता मी पहिल्यांदाच बघत होते. शेजारी मेथी घेऊन बसलेली बाई हसायला लागली. "आबांचा खंडोबाचा न्येम हाय, बाई. चार महिने वांगं बंद. घरात कुणीच खात न्हाईत."

"आणि कांदा?" मी विचारलं. चातुर्मासात कांदा-वांगं दोन्ही सोडतात, एवढं मला माहीत होतं.

"कांद्याचं देवासंगट बोलून घेतलंय," आबा म्हणाले. "त्याच्याबिगर भाकर खाली उतरत न्हाय." मग मी नख लावलेलं वांगं त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि मला दुसरी मोजून दिली. तागडी सरळ झाली तरी वर एक वांगं ठेवलंच. ते एक वरचं वांगं ते प्रत्येकाला द्यायचे. का, ते कुणी विचारायचं नाही.

धुळाआबा जवळच्याच शेळगावचे. पुढे बाजारच्या बाजारी भेटत गेले तशी मला त्यांची रीत कळली. सकाळी बाजारात आले की पोतं न सोडताच मेथीवालीच्या भरवशावर टाकायचे आणि हात पाठीमागे बांधून सगळ्या बाजाराला एक फेरी मारायचे. प्रत्येक पथारीपुढे थांबून बघायचे. बांगड्यांपुढे थांबायचे, खेळण्यांपुढे थांबायचे, भांडी वाजवून दाखवणाऱ्यापुढे तर बराच वेळ. कशाला हात लावायचा नाही, किंमत विचारायची नाही. फेरी पुरी झाली की मग पोतं सुटायचं. तोपर्यंत गिऱ्हाईक उभं असलं तरी म्हणायचे, "जरा दम धरा, बाजार बघायचा ऱ्हायलाय."

दसऱ्याच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले. आबांनी एक फूल घेऊन पटक्यात खोचलं आणि दिवसभर तसेच वांगी विकत बसले. मी म्हटलं, "आबा, नवरदेव दिसताय." तर म्हणाले, "ठकूबाईला सांगू नका, उगंच लाजंल." ठकूबाई म्हणजे त्यांची बायको.

खरे आबा मला समजले ते दिवाळीत, बारामतीला. आम्ही दोघं फराळाचं सामान आणि पणत्या आणायला एसटीनं बारामतीला गेलो होतो. गर्दीतून वाट काढताना यजमान म्हणाले, "अगं, ते आपले धुळाआबा ना?" एका दुकानासमोर आकाशकंदील टांगलेले होते आणि त्यांच्याखाली धुतलेलं धोतर नेसलेले आबा मान वर करून उभे होते. दुकानदार वैतागला होता. "आजोबा, घ्यायचाय का एखादा?"

"न्हाय. बगतोय."

"मग गिऱ्हाइकाला वाट द्या की."

"बगायलाच टांगलंय न्हवं समदं?" आबा शांतपणे म्हणाले आणि पुढच्या कंदिलाखाली सरकले.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर आम्ही तिघं शेंगा खात बसलो. आबांनी दिवसभरात एक केरसुणी तेवढी घेतली होती, लक्ष्मीपूजनाला. ती त्यांनी मांडीवर आडवी धरली होती. मी म्हटलं, "आबा, एका केरसुणीसाठी एवढ्या लांब?"

"केरसुनी निमगावातबी मिळती," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई, माझी सगळी जवानी मेंढरामागं गेली. दसरा झाला की मेंढरांचा वाडा हलायचा, तो तुमच्या कोकणात उतरायचा. कुनाच्या कापल्याल्या भातखाचरात मेंढरं बसवायची आन् मिरगाला माघारी. दिवाळी, तुळशीचं लग्न, भोगी, संक्रांत, ह्यातलं गावात काय असतं ते मी तीस वर्सं बघितलं न्हाय. पोरगं जलमलं तवाबी घाटात हुतो. आता मेंढरं न्हाईत, दोन एकर हाय, वांगी हाईत. मग म्हणलं, ऱ्हायल्यालं समदं बघून घ्यावं."

"आणि चंपाषष्ठी?" यजमानांनी विचारलं.

"ती मातुर कदी चुकली न्हाय." आबा सावरून बसले. चंपाषष्ठीला त्यांच्याकडे तळी उचलायची. ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवायची, पाच जणांनी कडेनं हात लावून ते वर उचलायचं आणि येळकोटाची हाक द्यायची. गावात असो की रानात, मेंढक्यांपैकी पाच हात जमवून त्यांनी ती दरवर्षी उचलली होती. वडील गेल्यापासून पहिला हात आबांचा. आणि घराची अट अशी, की घरच्यानं नेम मोडला तर त्यानं त्या वर्षी तळीला हात लावायचा नाही. पाहुण्याला अट नाही. "माझ्याकडं दुसरं हाय काय, डॉक्टरसाहेब?" आबा म्हणाले. "कुनाच्या बांधाला गेलो न्हाय आन् तळीचा पैला हात सोडला न्हाय. बास."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या मुलखातली माणसं झ्याक. ताटात वाढलं की आणिक घ्या म्हणत्यात."

त्या वाक्यानं मला माहेरी गेल्यासारखं झालं. त्याच क्षणी मी मनात ठरवलं, यांना एकदा जेवायला बोलवायचं, आणि चार महिने सुटले की पहिलं वांगं माझ्या हातचं खायला घालायचं. एवढं ठरवून मी खूश. कुणाला विचारायचं मला सुचलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही. आमच्या देवरुखच्या घरी चातुर्मास आषाढी एकादशीला धरायचा आणि कार्तिकी एकादशीला सोडायचा. चार महिने म्हणजे चार महिने.

तुळशीच्या लग्नाला आबांनी मांडवासाठी आमच्याकडे पाच ऊस आणून दिले. बाजार त्या आठवड्यात आवळे, चिंचा आणि बोरांनी भरला होता. मी म्हटलं, "आबा, उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी यजमान लसीकरणासाठी सकाळीच दुसऱ्या गावाला गेले. मी माहेरून आलेला नारळ फोडला. ओलं खोबरं, शेंगदाणे, तीळ, गूळ, आमचा घरचा मसाला असं सारण भरून आबांचीच वांगी केली. भात लावला, भाकरी केली. आबा बरोबर बाराला आले. पाय धुतले, पटका उतरवून बाजूला ठेवला, पाटावर बसले. मी ताट पुढे ठेवलं आणि अगदी ऐटीत म्हटलं, "सुटले ना आबा तुमचे चार महिने? मग आता पहिलं वांगं माझ्या हातचं."

आबांनी ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंडभर हसत उभी होते, हातात वाढायचा डाव.

"व्हय," आबा म्हणाले. डोळे मिटून कपाळाला हात लावला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पहिलं वांगं त्यांनी अगदी सावकाश खाल्लं. मग ताट जरा पुढे सरकवून म्हणाले, "आजून एक वाढा."

मला आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी यजमान आले तेव्हा मी त्यांना ते दुसऱ्या वांग्याचं तीनदा सांगितलं. ते आपले "छान, छान" म्हणाले. त्यांनाही नेमाचा हिशेब माहीत नव्हता. ते सोलापूरचे असले तरी त्यांच्या घरी कुळदैवत देवी.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाजारात आबा यजमानांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, षष्ठीला घरी या दोघं. तळीला एक हात कमी पडतोय." आबांचा मुलगा मारुती लोणी देवकरला कारखान्यात कामाला होता. मला वाटलं, त्याला पाळीमुळे सुट्टी मिळाली नसेल.

शेळगावात पोचलो तर मारुती दारातच उभा. "या साहेब," म्हणाला. मी आत चुलीपाशी गेले. ठकूबाई भरताची वांगी भाजत होत्या, बाजरीचे रोडगे टोपलीत तयार होते, पातीचा कांदा चिरून ठेवला होता. मी विचारलं, "मारुतीदादा तर घरीच आहेत. मग हात कुणाचा कमी पडतोय?"

ठकूबाईंनी वांगं परतलं. "ह्यांचाच की. न्येम मोडला म्हणत्यात. कुनाच्या घरी वांगं खाल्लं इचारलं तर सांगत न्हाईत. इतक्या वर्सात असं कदी झालं न्हाय बघा."

"कधी खाल्लं?" मी विचारलं.

"तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी."

"पण काकी, तेव्हा चार महिने संपलेले होते ना? कार्तिकी एकादशीला..."

"ते लोकांचं. आमचं षष्ठीला सुटतं, बाई. देवानं खाल्ल्याबिगर आमी कसं खायाचं?"

बाहेर तळी उचलायची तयारी झाली होती. मारुती, दोन भाऊबंद, शेजारचे एक जण आणि माझे यजमान ताम्हणाभोवती बसले. पहिला हात मारुतीनं लावला. आबा लांब, भिंतीपाशी, बोडक्या डोक्यानं हात जोडून उभे होते. येळकोटाची हाक मात्र सगळ्यात मोठी त्यांचीच. पाच हातांनी ताम्हण वर गेलं तेव्हा आबांचे दोन्ही हात जोडलेले असूनही थोडे वर गेले आणि तिथेच थांबले. ते मी बघितलं आणि मला रडू आवरेना.

तळी खाली ठेवल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आबांनी माझ्या घरी खाल्लं. मी वाढलं."

"गप बसा, डॉक्टरीणबाई," आबा पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "ते कुनी इचारलंय?"

"आबा, तुम्ही सांगायचं ना तेव्हाच! मी ताट बदललं असतं."

"बदललं असतं. आन् मग आठ दिस रडत बसला असता. एकट्या ऱ्हाताय, घर लांब. किती हौसेनं केल्यालं ते. देवाला सांगता येतं, त्याला समजतं. तुमाला कुठल्या तोंडानं सांगणार हुतो?"

मग आबांनी जाहीर केलं, की त्यांचं वांगं या षष्ठीलाही सुटणार नाही. पुढच्या षष्ठीला सुटेल. वर्ष भरलं की मग तळीला हात.

"आन् तवर काय झालं म्हंजी?" ठकूबाई म्हणाल्या. आबांना त्या थंडीत खोकल्यानं धरलं होतं, आणि यजमानांनी दोनदा सांगूनही ते माणसांच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हते.

"काय हुत न्हाय," आबा म्हणाले. सगळ्यांच्या ताटात भरीत वाढलं. आबांनी रोडगा दुधात कुस्करून खाल्ला. ज्या माणसाकडे अभिमानानं सांगायला एकच गोष्ट होती, ती मी माझ्या सुगरणपणात घालवली होती.

पौषात भोगीचा बाजार लागला. मी त्याच्याएवढा सुंदर बाजार पुन्हा कुठे बघितला नाही. गाजरं, पावटा, हरभऱ्याच्या ओल्या जुड्या, बोरं, उसाचे करवे, तीळ, संक्रांतीची सुगडी, आणि इंदापूरकडून आलेले पेरू. भोगीच्या भाजीत वांगं हवंच, त्यामुळे आबांच्या पोत्यापुढे बायकांची रांग. आबा खोकत होते, प्रत्येकीला वरचं एक देत होते. फेरी मारायला मात्र त्या दिवशी उठले नाहीत. मेथीवालीला म्हणाले, "तूच बघून ये, आन् सांग मला काय काय आलंय."

मी पिशवी पुढे केली नाही. आबा म्हणाले, "घ्या की. भोगी हाय."

"मी पण सोडलंय, आबा. तुमचं सुटेल तेव्हा माझं."

"तुमी कशापायी?"

"चूक माझी होती."

"बिनवांग्याची भोगी व्हय," असं आबा पुटपुटले आणि तागडीला लागले. पण संध्याकाळी आमच्या ओट्यावर कुणीतरी हरभऱ्याची जुडी, गाजरं आणि पेरू ठेवून गेलं होतं. यजमान वर्षभर कुरकुरले. वांगं हा त्यांचा जीव की प्राण. पण मी वांगं सोडलेलं असताना त्यांच्यासाठी वेगळं करायला मी काही तयार नव्हते.

उन्हाळ्यात आमची बदली फलटणला झाली. निघताना आबा भेटले नाहीत, कुठल्याशा जत्रेला गेले होते. फोन फक्त गावातल्या बूथवर, तोही कुणाला करायचा? आषाढ आला, श्रावण गेला, नवरात्र, दिवाळी झाली. मी फलटणच्या मंडईत वांग्यांकडे बघायची आणि मनात यायचं, आबा असतील ना? एखादा माणूस आपल्या चुकीमुळे एका गोष्टीची वाट बघत थांबलाय आणि आपल्याला त्याची खबर नाही, हे फार वाईट.

चंपाषष्ठीला यजमानांना सुट्टी मिळाली नाही. मी एकटीच एसटी बदलत शेळगावला गेले. अंगणात शिरले. ओट्यावर तांबडा पटका दिसला आणि मी तिथेच खाली बसले. आबा निम्मे झाले होते. घोंगडं पांघरून उन्हाला बसले होते.

"आला व्हय," म्हणाले. "मला वाटलंच. ठकूबाई, एक रोडगा वाढीव टाक गं."

तळीला मारुतीनं त्यांना धरून आणलं. ताम्हणाला पहिला हात आबांनी लावला. ताम्हणातला भंडारा हलत होता. बाकीचे चार हात लागले आणि ताम्हण वर गेलं. त्या दिवशी आबांच्या येळकोटाला आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. मी पदरानं तोंड पुसत उभी राहिले, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यात एवढं हलकं मला क्वचित वाटलं आहे.

देवाला नैवेद्य झाला, कुत्र्याला घास झाला. ताटं मांडली. भरीत, रोडगा, पातीचा कांदा. आबा ताटावर बसले, पण हात लावेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सुटलं का हो?"

सगळे हसायला लागले. "सुटलं, आबा," मी म्हणाले. "आज खरोखर सुटलं."

"मग तुमीबी बसा. तुमचंबी सुटलंय."

आम्ही दोघांनी वर्षाचं पहिलं वांगं समोरासमोर बसून खाल्लं.

दुपारी ते मला गाडीला बसवायला फाट्यापर्यंत आले. मारुतीच्या खांद्यावर हात, अंगावर घोंगडं. गाडी आली, मला खिडकीशी जागा मिळाली. वर्षभर एक गोष्ट माझ्या मनाला टोचत होती. मी बाहेर वाकून विचारलं, "आबा, एक खरं सांगा. माझ्यासाठी एक खाल्लंत, ते समजलं. दुसरं कशाला मागून घेतलंत?"

आबांनी मारुतीच्या खांद्यावरचा हात काढला आणि खिडकीच्या जवळ आले.

"पैलं तुमच्यासाठी खाल्लं," म्हणाले. "त्याचं देवानं तवाच माफ केलं असंल. दुसरं मातुर मला लई ग्वाड लागलं म्हणून खाल्लं. वर्सभर सोडलं ते त्या दुसऱ्यापायी."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत मी मागे बघत होते. धुळाआबा दोन्ही हात पाठीमागे बांधून, बाजार बघायला निघाल्यासारखे, रस्त्याच्या कडेला हसत उभे होते.